विश्लेषण : खुनी कोण, की पुरावा काय? पोलीस तपासाची कादंबरी वाचताना आंबेनळी घाट का आठवतो?

२८ जुलै २०१८, शनिवार. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस सहलीसाठी महाबळेश्वरकडे निघाली होती. पोलादपूर मागे टाकून आंबेनळी घाट चढत असताना ती शेकडो फूट खोल दरीत कोसळली. बसमध्ये ३१ जण होते. ३० जणांचा मृत्यू झाला, एक जण वाचला.

त्यानंतरच्या दिवसांत एक प्रश्न मोबाइलवरून फिरू लागला : बस नेमकी कोण चालवत होते? एकच माणूस वाचतो आणि बाकी सगळे जातात, असे कसे? मृतांच्या काही नातेवाइकांनी संशय व्यक्त केला, वाचलेल्या व्यक्तीच्या नार्को चाचणीची मागणीही झाली. नातेवाइकांचे दुःख समजण्यासारखे होते, उत्तर मागण्याचा हक्क त्यांना होताच. पण ज्यांचे त्या बसमध्ये कोणीही नव्हते, अशा हजारो जणांनीही आपापल्या फोनवर निकाल देऊन टाकला. मी तेव्हा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होतो. असा एक मेसेज मीही पुढे पाठवला होता.

ही गोष्ट आठवण्याचे कारण एक कादंबरी. गेल्या पावसाळ्यात महाडहून पोलादपूरला जाताना वाहतूक अडकली आणि फोनवर डाउनलोड करून ठेवलेले पुस्तक उघडले. खून, रहस्य आणि पोलीस तपास असे तिन्ही असलेले. शंभर पाने झाली तरी त्यात आरोपी सोडाच, मृत व्यक्तीचे नावही कळले नव्हते. तरी पुस्तक हातातून सुटेना. अशी कादंबरी आपल्याला काय शिकवते आणि खऱ्या तपासाशी तिचे नाते काय, हे समजून घेऊ.

तपासकथा म्हणजे नेमके काय?

गुन्ह्यावरच्या कादंबऱ्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार. पहिला, रहस्यकथा. यात प्रश्न असतो ‘कोणी केले?’ एक हुशार माणूस सगळे धागे जुळवतो आणि शेवटच्या प्रकरणात सर्वांना दिवाणखान्यात बसवून उत्तर सांगतो. शेरलॉक होम्स आणि अगाथा ख्रिस्तीचा पॉयरो या घराण्यातले. दुसरा, थरारकथा. यात प्रश्न ‘आता पुढे काय होणार?’ तिसरा प्रकार म्हणजे पोलीस प्रोसिजरल, सोप्या शब्दांत तपासकथा. यात प्रश्न बदलतो : ‘हे सिद्ध कसे करणार?’

तपासकथेत एकच अलौकिक बुद्धीचा नायक नसतो. एक पोलीस ठाणे असते, चार-पाच अधिकारी असतात, वरून दबाव असतो, अहवाल वेळेवर येत नाहीत, कोणाच्या घरी आजारपण असते. अमेरिकेत एड मॅकबेन यांनी १९५६ मध्ये ‘कॉप हेटर’ लिहून ‘८७ वे प्रिसिंक्ट’ ही मालिका सुरू केली. तिचा नायक म्हणजे अख्खे पोलीस ठाणेच. स्वीडनमध्ये माय शोवाल आणि पेर वालू या पत्रकार जोडप्याने १९६५ ते १९७५ या काळात मार्टिन बेक या अधिकाऱ्यावर दहा कादंबऱ्या लिहिल्या. आजच्या बहुतेक पोलिसी वेबसीरिजच्या मांडणीवर या दोन मालिकांची छाप दिसते.

मी वाचत होतो ती याच मालिकेतली पहिली, ‘रोझअ‍ॅना’. कालव्याचा गाळ उपसताना एका अनोळखी स्त्रीचा मृतदेह सापडतो. तिची ओळख पटायलाच काही महिने जातात. ती ज्या बोटीवर होती त्या बोटीतले प्रवासी वेगवेगळ्या देशांत परतलेले असतात. पोलीस त्यांना शोधतात, सहलीत काढलेले फोटो आणि चित्रफिती मागवतात आणि त्यांतून एकेक चेहरा वेगळा काढतात. शेवट सांगत नाही. पण वाचताना जाणवते की यातला थरार पाठलागाचा नाही, प्रतीक्षेचा आहे.

मराठी वाचकाला हा प्रकार नवा का वाटतो?

मराठीत रहस्यकथांची कमतरता कधीच नव्हती. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यांच्या ‘झुंजार’ आणि ‘काळा पहाड’ने पिढ्या वेड्या केल्या. गुरुनाथ नाईकांच्या कथा एसटीच्या प्रवासात संपवल्या जात. सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास न्यायालयात बाजी उलटवी. बंगालीतला सत्यजित राय यांचा फेलूदा अशोक जैन यांच्या अनुवादांतून मराठीत आला.

या नायकांत एक समान धागा आहे. त्यातले बहुतेक पोलीस खात्याच्या बाहेरचे. कोणी हेर, कोणी वकील, कोणी कायद्याला वळसा घालून न्याय करणारा. कथेतला इन्स्पेक्टर बहुतेक वेळा उशिरा पोहोचायचा आणि शेवटी बेड्या घालायचा. पंचनामा, स्टेशन डायरी, मुद्देमाल हे शब्द कथेचा वेग कमी करणारे मानले गेले. म्हणून आपली वाचकाची सवयही तशीच घडली : आधी संशयित पकडायचा, मग पुरावे त्याच्याभोवती बसवायचे.

भारतात पोलिसाच्या टेबलावरून लिहिलेल्या कथा मात्र जुन्या आहेत. कोलकाता पोलिसांत काम केलेल्या प्रियनाथ मुखोपाध्याय यांनी १८९० च्या दशकात ‘दारोगार दप्तर’ ही बंगाली मालिका चालवली. मुंबईचा इन्स्पेक्टर घोटे मात्र एका ब्रिटिश लेखकाने घडवला. एच. आर. एफ. कीटिंग यांची ‘द परफेक्ट मर्डर’ १९६४ ची. गंमत म्हणजे मुंबई न पाहताच त्यांनी पुढची काही वर्षे घोटेच्या कथा लिहिल्या. मुंबई पोलिसांच्या कामाचा तपशील घेऊन आलेली मोठी कादंबरी म्हणजे विक्रम चंद्रा यांची २००६ ची ‘सेक्रेड गेम्स’.

पहिला प्रश्न ‘खुनी कोण’ हा नसेल तर?

तपासकथेत मृतदेह सापडल्यावर पहिला प्रश्न असतो : ही व्यक्ती कोण? महाडकरांना हा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी बस आणि एक खासगी गाडी नदीत गेली. पुलाजवळच्या गॅरेजमधील एका कामगाराच्या ते लक्षात आले, त्याने पुढच्या गाड्या अडवल्या. बसचे सांगाडे सापडायला आठवड्याहून अधिक काळ लागला. सावित्री महाडहून दासगाव, आंबेतमार्गे बाणकोटच्या खाडीला मिळते, त्यामुळे शोध नदीच्या मुखापर्यंत न्यावा लागला. प्रत्येक मृतदेहाबरोबर तोच प्रश्न : हे कोणाचे कोण?

अशा वेळी पोलीस काय करतात? खून, अपघात, आत्महत्या की बुडून मृत्यू हे ठरण्याआधी ‘अकस्मात मृत्यू’ची नोंद होते. पोलिसी भाषेत एडीआर. अधिकारी घटनास्थळी जाऊन परिसरातील किमान दोन प्रतिष्ठित रहिवाशांसमोर मृतदेहाचा पंचनामा करतो : अंगावरचे कपडे, जखमा, खुणा, मृत्यूचे दिसणारे कारण. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात हे कलम १९४ आहे. अहवाल २४ तासांत दंडाधिकाऱ्यांकडे पाठवण्याची अटही त्यात आहे.

हा कागद कोरडा वाटतो. पण विम्याचा दावा, सानुग्रह मदत, वारसनोंद, मृत्यू प्रमाणपत्र अशा सगळ्यांची सुरुवात त्याच्यापासून होते. आणि मृतदेहच मिळाला नाही तर? एखादी व्यक्ती सात वर्षे हयात असल्याचे तिच्या जवळच्यांना कळले नाही, तरच कायदा साधारणपणे ती मरण पावल्याचे गृहीत धरतो. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. शोधकार्य थांबले तेव्हा काही जण ढिगाऱ्याखालीच राहिले होते. अशा आपत्तीत प्रशासनाला बेपत्तांबाबत वेगळा निर्णय घ्यावा लागतो, कारण सात वर्षे थांबणे कोणत्याही कुटुंबाला परवडणारे नसते. ओळख पटणे म्हणजे काय, हे ‘रोझअ‍ॅना’च्या पहिल्या शंभर पानांत कळते. तळियेत ते एका दिवसात कळले.

नोंदच झाली नाही तर काय होते?

याचे देशभर गाजलेले उदाहरण रायगड जिल्ह्यातलेच आहे. मे २०१२ मध्ये पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुकजवळच्या जंगलात जळालेले मानवी अवशेष सापडले. पोलीस आले, काही नमुने मुंबईला पाठवले गेले. पण तेव्हा खुनाचा गुन्हा दाखल झाला नाही. तीन वर्षांनी, ऑगस्ट २०१५ मध्ये, मुंबई पोलिसांनी वेगळ्याच प्रकरणात पकडलेल्या एका वाहनचालकाच्या चौकशीतून शीना बोरा प्रकरण पुढे आले आणि ते अवशेष तिचेच असल्याचा दावा तपास यंत्रणांनी केला. २०१२ मध्ये गुन्हा का नोंदवला नाही, याची वेगळी चौकशी करावी लागली. तपास पुढे सीबीआयकडे गेला. दोषी कोण, हा न्यायालयाचा विषय आहे. त्यावर इथे बोलायचे नाही.

बोलायचे आहे ते नोंदीबद्दल. २०२४ मध्ये याच खटल्यात सरकारी पक्षाने आधी न्यायालयाला सांगितले की ते अवशेष सापडत नाहीत. नंतर सांगितले की ते सीबीआयच्या दिल्लीतील कार्यालयात आहेत. कादंबरीत लेखकाने असे लिहिले असते तर संपादकाने ‘पटत नाही’ म्हणून खोडले असते. पुरावा सापडणे ही अर्धीच गोष्ट. तो कोणाकडून कोणाकडे, कोणत्या तारखेला, कोणत्या सीलसह गेला याची अखंड साखळी दाखवता आली, तरच तो न्यायालयात टिकतो. सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. लॉग नसेल तर बग कितीही खरा असो, तो दाखवता येत नाही.

गावपातळीवर या साखळीची पहिली कडी म्हणजे पोलीस पाटील. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ नुसार नेमलेला. महाड आणि पोलादपूरमध्ये डोंगरकपारीतल्या वाड्या आहेत. पावसाळ्यात पोलीस ठाण्याहून तिथे पोहोचायला तास लागतात. संशयास्पद मृत्यूची खबर देणे आणि पोलीस येईपर्यंत जागा विस्कटू न देणे हे काम त्याचे. मराठीतल्या तपासकथेला असा नायक अजून मिळायचा आहे.

‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर चालते का?

आंबेनळी घाट रायगडला साताऱ्याशी जोडतो, कशेडी घाट रत्नागिरीशी. घाटात गुन्हा घडला की पहिला वाद हद्दीचा. कादंबऱ्यांत दोन जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांतली ओढाताण कथेला रंग आणते. तक्रारदाराच्या वाट्याला मात्र हेलपाटे येतात.

कायदा इथे स्पष्ट आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली तर गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितले. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी कुठल्याही पोलीस ठाण्यात खबर देता येते. हीच ‘झिरो एफआयआर’. कशेडीतल्या घटनेची खबर पोलादपूरला दिली तर तिथे नोंद होईल आणि मग ती संबंधित ठाण्याकडे जाईल. खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते, तो हक्क आहे. तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत मात्र वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा पोलिसांना आहे.

आरोपीने कबुली दिली की गोष्ट संपते?

सिनेमात संपते. चौकशीच्या खोलीत दिवा हलतो, आरोपी कोसळतो, सगळे सांगून टाकतो. प्रत्यक्षात पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये हे आहे. ब्रिटिशांच्या काळातील पुरावा कायद्यातही हेच होते. कारण साधे आहे : मारहाण करून कबुली घेणे सोपे, पुरावा गोळा करणे अवघड. कायद्याने सोपी वाट बंद केली.

एक अपवाद आहे. कोठडीतील आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू प्रत्यक्ष सापडली, तर त्या शोधाशी थेट संबंधित एवढाच भाग ग्राह्य धरला जातो. आरोपी म्हणाला, ‘मी मारले आणि कोयता विहिरीत टाकला,’ आणि विहिरीत कोयता सापडला. तर ‘कोयता विहिरीत टाकला’ हा भाग चालतो, ‘मी मारले’ चालत नाही. चांगल्या तपासकथेत अधिकारी कबुलीनंतर खूश होत नाही. त्याचे खरे काम तिथून सुरू होते. दंडाधिकाऱ्यांसमोर, विचार करायला वेळ देऊन, स्वेच्छेने नोंदवलेला जबाब ही वेगळी गोष्ट.

आणि नार्को? सर्वोच्च न्यायालयाने मे २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात सांगितले की नार्को, पॉलिग्राफ किंवा ब्रेन मॅपिंग कोणावरही त्याच्या संमतीशिवाय करता येणार नाही. संमतीने केली तरी त्या चाचणीत बोललेले शब्द स्वतः पुरावा ठरत नाहीत. त्यातून पुढे एखादी वस्तू किंवा माहिती हाती लागली, तर तिचा विचार होऊ शकतो. म्हणजे आंबेनळीनंतर आपण फोनवर ज्या चाचणीची मागणी पुढे पाठवत होतो, ती सत्य ओतून देणारी मशीन नाही. हे तेव्हा आठ वर्षे जुने कायदेशीर वास्तव होते. मेसेज पुढे पाठवणाऱ्या आमच्यापैकी कोणी ते शोधून पाहिले नाही.

सीसीटीव्ही आणि मोबाइल असताना इतका वेळ का लागतो?

कारण फुटेज असणे आणि फुटेज न्यायालयात सिद्ध होणे वेगळे. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागते. त्याच्या नमुन्यात त्या फाइलची ‘हॅश व्हॅल्यू’ नोंदवावी लागते. हॅश म्हणजे फाइलचा बोटाचा ठसा. व्हिडीओतला एक बिट बदलला तरी हॅश बदलतो. तेव्हा पेट्रोल पंपावरून मिळालेली क्लिप कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, तर ती माहिती म्हणून उपयोगी पडेल. पण पाठवताना फाइल दाबली जाते, म्हणजे मूळ फाइल उरत नाही. मूळ उपकरण, मूळ नोंद आणि प्रमाणपत्र यांना म्हणूनच महत्त्व.

झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रीकरण नव्या संहितेच्या कलम १०५ ने आवश्यक केले आहे. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन नमुने घ्यावेत, असे कलम १७६ सांगते. त्यासाठी यंत्रणा उभारायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. मुंबईतील कलिन्याची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा महाडहून दीडशेहून अधिक किलोमीटर दूर. कोकणातल्या पावसात उघड्यावरचा रक्ताचा डाग किंवा टायरचा ठसा एका सरीत जातो. स्वीडिश कादंबरीत बर्फ पुरावा झाकतो, आपल्याकडे पाऊस तो धुऊन नेतो.

तपासाला घड्याळ असते का?

असते, आणि थरार खरा तिथे आहे. अटकेनंतर २४ तासांत आरोपीला दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावे लागते. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत, इतर गुन्ह्यांत ६० दिवसांत आरोपपत्र दाखल झाले नाही, तर कोठडीतील आरोपीला जामीन मिळण्याचा हक्क येतो. यालाच ‘डिफॉल्ट’ जामीन म्हणतात. आपण बातमीवर ‘पोलिसांनी सोडले’ अशी प्रतिक्रिया देतो, तेव्हा अनेकदा प्रत्यक्षात घड्याळ संपलेले असते. पीडित किंवा तक्रारदाराला तपासाची प्रगती ९० दिवसांत कळवण्याची जबाबदारीही नव्या कायद्याने पोलिसांवर टाकली आहे. किती तक्रारदारांना हे माहीत आहे?

आरोपी सापडला नाही, तर फाइलचे काय?

रहस्यकथेत उत्तर मिळतेच. तपासकथेत कधी मिळत नाही, आणि तेही प्रामाणिकपणे लिहिले जाते. महाराष्ट्रात अशा शेवटांना ठरलेली नावे आहेत. गुन्हा खरा पण आरोपी किंवा पुरेसा पुरावा मिळाला नाही, तर ‘ए समरी’. तक्रार जाणूनबुजून खोटी असेल तर ‘बी समरी’. गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची, म्हणजे धड खरी नाही आणि खोटीही नाही अशी असेल, तर ‘सी समरी’. आरोपीचाच मृत्यू झाला असेल तर ‘अबेटेड समरी’, कारण मृत व्यक्तीवर खटला चालत नाही. अंतिम निर्णय पोलिसांचा नसतो, न्यायालयाचा असतो. तक्रारदाराला तिथे हरकत घेता येते.

आता पुन्हा आंबेनळी. बस कोण चालवत होते, या प्रश्नावर तपास सुरू राहिला. काही महिन्यांनी पोलादपूर पोलिसांनी गुन्हा नोंदवला, तो अपघातात मृत्यू पावलेल्या चालकावर. वाचलेल्या व्यक्तीवर नाही. यातून मृत चालकही न्यायालयात दोषी ठरत नाही, त्याला बाजू मांडायची संधीच उरलेली नाही. पण ज्या एका माणसाकडे हजारो फोन बोट दाखवत होते, तपास त्याच्याकडे बोट दाखवून संपला नाही. ही बातमी पहिल्या मेसेजइतकी फिरली नाही. मी तो मेसेज ज्या ग्रुपवर टाकला होता, तिथे ती कोणीच टाकली नाही. मीही नाही.

मग वाचकाने काय करावे?

तपासकथा वाचताना एक छोटा खेळ करून पाहा. कोणाचा संशय येतो, त्याचे नाव समासात लिहू नका. त्याऐवजी तीन रकाने करा : काय दिसले, कोणी सांगितले, काय सिद्ध होईल. पहिले दोन रकाने भरभर भरतात. तिसरा बराच काळ रिकामा राहतो. चांगल्या लेखकाचे कौशल्य त्या रिकाम्या रकान्यात आपल्याला रमवण्यात आहे. ज्या कादंबरीत डीएनए अहवाल दुपारी मागितला आणि संध्याकाळी आला, तिथे लेखकाने गृहपाठ केलेला नाही असे खुशाल समजा.

तोच खेळ बातमीला लावता येतो. महाड शहर, महाड तालुका, महाड एमआयडीसी किंवा पोलादपूर पोलीस ठाण्याच्या हद्दीतील बातमी वाचताना पाहा : ही माहिती एफआयआरमधली आहे, पोलिसांनी तोंडी सांगितलेली आहे, की ‘सूत्रांकडून’ आलेली? संवेदनशील प्रकरणे वगळता एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच दिले आहेत. राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर त्या पाहता येतात. ‘संशयित’, ‘आरोपी’ आणि ‘दोषी’ हे तीन वेगळे शब्द आहेत. बातमीत ते एकमेकांच्या जागी आले असतील, तर चूक आमची आहे. आम्हाला कळवा.

डिजिटल डेस्कवर बसून रोज दिसते की ‘कोण’ हा शब्द असलेल्या शीर्षकावर वाचक थांबतो आणि ‘कसे’ असलेल्यावरून पुढे सरकतो. आम्हीही मग ‘कोण’ लिहितो. या लेखाच्या शीर्षकातही तोच शब्द आहे, हे तुमच्या लक्षात आले असेलच.

त्या दिवशी वाहतूक सुटली तेव्हा मी शंभर पाने वाचली होती आणि हाती कोणाचेच नाव नव्हते. पोलादपूरच्या चौकात महाबळेश्वरची पाटी दिसली. तिथून घाट सुरू होतो.